एसआर सिरीज आणि घरचा रविवार

लांब पल्ल्याच्या सायकलिंगबद्दल तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, राहणं चिंचवडला, नोकरी हिंजवडीत आयटीमध्ये. पत्नी बँकेत, मुलगा तिसरीत, धाकटी साडेतीन वर्षांची, आई सोबत राहतात. गेल्या हंगामात २०० किमीची एक बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची सायकल राइड) साडेबारा तासांत पूर्ण केली. पुढच्या हंगामात २००, ३००, ४००, ६०० अशी अख्खी एसआर (सुपर रँडोनर, म्हणजे या चारही राइड एकाच हंगामात) करायची आहे आणि जमलं तर २०२७ ची पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस (पीबीपी, फ्रान्समधली याच प्रकारची खूप मोठी राइड). आठवड्याला किती तास सराव लागेल, ते तास कुठून काढायचे, स्मार्ट ट्रेनर (घरात जागच्या जागी सायकल चालवायचं यंत्र) घ्यावा का, हे विचारलंय. आणि शेवटी एक ओळ आहे: "बायकोचा विरोध नाही, पण २०० नंतर ती या विषयावर काही बोलतच नाही."

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण सरावाचं सगळं वेळापत्रक तिच्यावरच उभं राहणार आहे. मी साताऱ्यात राहते, बरीच वर्षं ब्रेव्हे (बीआरएम राइडना हेच म्हणतात) करते आहे, नव्या रायडरना पहिल्या २०० पासून ६०० पर्यंत तयार करते, आणि हंगामात महामार्गावरच्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणी थांब्यावर, रात्री रायडरची कार्डं बघायला बसते. ४०० अर्ध्यात सोडणाऱ्यांत कुणाचे पाय संपलेले असतात, कुणाचं पोट बिघडलेलं असतं. पण काही जण असे असतात की त्यांचं शरीर अजून शंभर-दीडशे किलोमीटर सहज गेलं असतं. रात्री अकराच्या सुमारास घरी फोन होतो, पलीकडून "बरं" एवढंच येतं, आणि थोड्या वेळाने तो माणूस पुण्याच्या एसटीची चौकशी करायला लागतो. रात्रभर एकट्याने पॅडल मारायला मन जागेवर लागतं. ते घरी अडकलेलं असेल तर कितीही इंटरव्हल (सरावातले जोराचे तुकडे) मारलेले असोत, उपयोग होत नाही.

न बोलणं म्हणजे संमती असं धरू नका. माझ्या अनुभवात त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की घराला या छंदाची पूर्ण किंमत आधी सांगितलीच नव्हती, आणि ती त्या दिवशी कळली. तुम्ही घरी सांगितलं असेल, "साडेतेरा तासांची मर्यादा आहे, संध्याकाळपर्यंत येतो." आता तोच दिवस घराच्या बाजूने मोजा. शनिवारी दुपारपासून सायकल धुणं, चेनला ऑइल, लाइट चार्जिंगला, बॅग भरणं. रात्री नऊला "मला झोपायचंय, मुलांना आवाज करू देऊ नकोस." पहाटे चारला दाराची कडी. दिवसभर दोन मुलं, सासूबाई आणि घर एका माणसाकडे, वर महामार्गावर गेलेल्या माणसाची काळजी. रात्री आठला तुम्ही घरी येता ते अंग टाकायला. सोमवारी सकाळी मुलाच्या डब्याच्या वेळी तुम्ही जिना धरून उतरत असता. म्हणजे तुमचे साडेबारा तास आणि पत्नीचे जवळजवळ चाळीस. एसआरच्या चार राइडच्या वेळमर्यादा अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तास, म्हणजे एकूण १००.५ तास. घराचा हिशोब त्याच्या दुप्पट धरला तरी कमीच पडेल, आणि सरावाचे रविवार त्यात अजून आलेले नाहीत.

हा पूर्ण हिशोब कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा. पटवून देण्यासाठी नको, नुसता खरा आकडा कळावा म्हणून. आणि "करू का?" असं विचारू नका. त्या प्रश्नाला "नाही" म्हणायचं ओझं समोरच्यावर पडतं, आणि आपल्याकडे बायका ते ओझं टाळायला "करा" म्हणून मोकळ्या होतात. त्यापेक्षा कॅलेंडर घेऊन बसा आणि विचारा, "यातले कुठले शनिवार-रविवार अजिबात नको?" याचं उत्तर देणं सोपं असतं आणि ते खरं मिळतं. तुमच्या पत्नी बँकेत आहेत. ३१ मार्चच्या आधीचे तीन-चार आठवडे त्या घरी कधी येतील हे त्यांनाही सांगता येत नाही, आणि त्याच सुमारास मुलाची वार्षिक परीक्षा. म्हणून तुमची ६०० फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत झालीच पाहिजे. मार्च-एप्रिलची ६०० कागदावर कितीही सोयीची दिसली तरी ती तुमच्यासाठी नाही, आणि उन्हामुळे ती शरीरालाही महाग पडते. सप्टेंबरअखेर बँकेत सहामाही असते, गणपतीही त्याच सुमारास कधी आधी कधी नंतर. ते पंधरा-वीस दिवस सरावातून काढूनच टाका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला चांगला हंगाम, आणि तोच लग्नसराईचा. सख्ख्या नात्यातल्या लग्नांच्या तारखा कळल्या की आधी त्या लिहा, मग क्लबच्या बीआरएमच्या.

आता एक गोष्ट बाई म्हणून सांगते. ज्या बायका ब्रेव्हे करतात त्यांची पहाट आदल्या रात्री सुरू होते. कणीक मळून फ्रिजमध्ये, भाजी चिरून, गणवेश आणि मोजे काढून ठेवलेले, पाण्याच्या बाटल्या भरलेल्या, दुधाचं कुणाला तरी सांगून ठेवलेलं. हे सगळं झाल्याशिवाय आम्हाला घराबाहेर पाय ठेवता येत नाही. पुरुष रायडरला हे करावं लागत नाही, कारण त्याच्यासाठी ते कुणीतरी करत असतं, आणि घरातली चीड बहुतेक इथेच साठते. तुम्ही रविवारी सायकलवर जाणार असाल तर शनिवारी रात्रीची ही तयारी तुमची. परत आल्यावर घामाचे कपडे तुम्हीच धुवायचे, बिडॉन (सायकलवरच्या पाण्याच्या बाटल्या) तुम्हीच घासायचे, चेनच्या काळ्या तेलाचे हात मोरीतल्या पांढऱ्या टॉवेलला पुसायचे नाहीत. छोटी वाटतात ही कामं, पण दर आठवड्याला तीच दिसतात.

आणि तुमच्या पत्नीचा वेळ. तुम्ही आठवड्याला सात तास घेणार असाल तर त्यांनाही त्यांचे तास मिळाले पाहिजेत, आणि ते ठरलेले हवेत. "तुला कधी जायचं असेल तर जा ना" याला वेळ देणं म्हणत नाहीत. दर शनिवारी दुपारी तीन ते सात घर तुमचं, मुलं तुमची, आईंचं औषध तुमचं. त्या मैत्रिणीकडे जातील, झोपतील, एकट्या बसतील, तो त्यांचा प्रश्न. त्या चार तासांत "धाकटीचा फ्रॉक कुठे आहे?" असा फोन त्यांना जाऊ देऊ नका. बीआरएमच्या आठवड्यात हा शनिवार बुडणार असेल तर तो पुढच्या आठवड्यात भरून द्या, त्यांनी आठवण करून द्यायच्या आधी.

सरावाला आठवड्याचे सहा ते आठ तास पुरतात. हे तुम्हाला धीर द्यायला सांगत नाहीये, त्यामागे साधं गणित आहे. ६०० किमीला चाळीस तास म्हणजे थांबे धरून सरासरी ताशी १५ किमी. चालत्या चाकांवर तुमचा वेग ताशी २० असेल तर ६०० किमीला तीस तास लागतात आणि खाणं, झोप, पंक्चर यांसाठी दहा तास उरतात. वेग २२ केला तर सव्वासत्तावीस तास, म्हणजे पावणेतीन तासांची बचत. पण सपाट रस्त्यावर वेग दहा टक्क्यांनी वाढवायला ताकद पाव ते एक तृतीयांश जास्त लागते, कारण हवेचा अडथळा वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. ती ताकद कमवायला कित्येक महिने आणि घराचे कित्येक तास जातील. दुसरीकडे, ६०० मध्ये नवखा रायडर पंधरा-सोळा ठिकाणी थांबतो. प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटं वाचवली की तेवढीच बचत होते, आणि त्यासाठी घराकडून एक मिनिटही घ्यावं लागत नाही.

म्हणून तुमच्या २०० ची जीपीएस फाइल उघडून मूव्हिंग टाइम बघा. साडेबारा तासांपैकी चाकं किती वेळ फिरत होती? बहुतेकांच्या पहिल्या २०० मध्ये दोन-अडीच तास उभ्या-उभ्या गेलेले असतात: चहा येईपर्यंत, मित्र येईपर्यंत, फोटो, पुन्हा चहा. थांबण्याचाही सराव करावा लागतो. सायकल लावली की आधी कार्ड आणि शिक्का, मग पाणी भरणं, मग स्वच्छतागृह, मग खाणं, आणि जे सायकलवर खाता येतं ते खिशात घालून निघणं. रविवारच्या राइडला एकच थांबा ठेवा आणि तो पंधरा मिनिटांत उरका. गटातले लोक रागावतील, रागावू द्यात. टपरीवरची चाळीस मिनिटं तुम्ही घरातून आणलेली असतात. गप्पा मारायच्या असतील तर त्या घरी चहाबरोबर मारा.

आठवडा मी असा बसवेन. मंगळवार आणि गुरुवार पहाटे सव्वापाच ते सव्वासहा, प्रत्येकी एक तास. त्यातला एक दिवस जोराचा: वॉर्मअपनंतर आठ-आठ मिनिटांचे तीन-चार तुकडे, ज्यात दोन-तीन शब्दांच्या वर बोलता येणार नाही, मध्ये चार मिनिटं हलकं. दुसरा दिवस सावकाश. बुधवारी किंवा शुक्रवारी ऑफिसला सायकलने. चिंचवड ते हिंजवडी दहा-बारा किलोमीटर, आणि त्या ट्रॅफिकमध्ये गाडीला लागतो त्याच्या आसपासच वेळ सायकलला लागतो, म्हणजे हे किलोमीटर घराला जवळजवळ फुकट पडतात. ऑफिसात अंघोळीची सोय असेल तर आठवड्यातून दोनदा जा. रविवारी पहाटे साडेचारला निघून साडेनऊच्या आत घरी. जुन्या महामार्गाने लोणावळा आणि परत म्हणजे तुमच्या घरापासून ९५ किमीच्या आसपास. सुरुवातीला कामशेतवरून परता, आणि अंगात बसलं की महिन्यातून एकदा लोणावळ्याजवळच्या टायगर पॉइंटचा चढ जोडा. त्या दिवशी अकरा वाजतील, ते शुक्रवारीच सांगून ठेवा. एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे, त्यामुळे जुन्या रस्त्याशिवाय पर्याय नाही, आणि पहाटे तो बराच मोकळा मिळतो.

रविवारची राइड सावकाशच असली पाहिजे, पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकी. हे मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगते आणि फार थोडे ऐकतात. गटाबरोबर जीव तोडून आलेला माणूस दुपारी सोफ्यावर पडतो, मुलगा बॅट घेऊन उभा असतो, आणि "बाबा दमलेत" हे वाक्य घरात दर रविवारी म्हटलं जातं. घराला सकाळचे पाच तास तेवढे खुपत नाहीत, नंतरची दुपार खुपते. राइडनंतर तुम्ही मुलांना घेऊन बागेत जाऊ शकत नसाल तर राइड जास्त जोरात झाली, एवढी साधी कसोटी ठेवा. परतल्यावर अर्ध्या तासात नीट जेवण आणि पाणी, दुपारी वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी, आणि मग उरलेला दिवस घराचा.

झोप कापून सराव करू नका. पहाटे पाचला उठायचं तर रात्री दहाला झोपलंच पाहिजे, म्हणजे मोबाइल आणि मॅच बंद. घरात साडेतीन वर्षांची मुलगी आहे, ती रात्री उठणार, तिला ताप येणार. रात्री दोनदा उठावं लागलं तर सकाळची राइड रद्द, हा नियम आधीच करून टाका, म्हणजे पहाटे पाचला स्वतःशी वाद होत नाही. बुडालेली राइड दुसऱ्या दिवशी भरून काढू नका, गेली ती गेली. आणि स्वतःला ताप असताना, किंवा तो उतरल्यावर लगेच, जोराची राइड अजिबात नको. विषाणूजन्य तापात हृदयाच्या स्नायूंना सूज येऊ शकते आणि त्यात जोराचा व्यायाम जीवावर बेततो. दर चौथा आठवडा हलका ठेवा आणि त्या रविवारी सायकल बाहेर काढू नका. घरात सगळ्यांच्या लक्षात राहणारा तो रविवार असेल.

यापलीकडे आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं घरातच: स्क्वॉट, ब्रिज, प्लँक, पाठीसाठी सुपरमॅन. हे मुलांसमोर करा, ती पाठीवर चढून बसतील, बसू द्यात. ४०० नंतर मान आणि कंबर धरते ती इथल्या हलगर्जीपणामुळे. गुडघा दुखत असेल किंवा हाताची बोटं बधिर होत असतील तर आधी बाइक फिट (सायकल आपल्या अंगाच्या मापाने बसवणं) करून घ्या. सीटची उंची चुकलेली असताना वाढवलेले किलोमीटर दुखणंच वाढवतात.

३०० साठी सरावात २५० किमी करायची गरज नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही. २०० ची बीआरएम हाच ३०० चा सराव, ३०० हाच ४०० चा. दोन ब्रेव्हेंमध्ये चार आठवड्यांचं अंतर ठेवा: पहिला आठवडा नुसता हलका, मधले दोन नेहमीचे, शेवटचा कमी. नोव्हेंबरमध्ये २००, डिसेंबरात ३००, जानेवारीत ४००, फेब्रुवारीत ६००. पावसाळ्यात पाया घालायचा आणि दिवाळीचा फराळ आटोपला की सुरू करायचं. यातली एखादी हुकली तर पुढची ढकलून मार्चमध्ये नेऊ नका. एसीपीचा (या राइडना मान्यता देणाऱ्या पॅरिसच्या क्लबचा) हंगाम १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर असतो, एसआर एकाच हंगामात पूर्ण व्हावी लागते हे खरं, पण फक्त २०० आणि ३०० झालेला हंगामही चांगलाच हंगाम असतो.

खाण्यावर थोडक्यात. तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, आणि भूक लागायच्या आधी. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. गूळ-तूप लावून गुंडाळलेली पोळी, दशमी, खजूर, चिक्की, उकडलेला बटाटा मीठ लावून, हे सगळं जेलच्या पाकिटांपेक्षा स्वस्त आणि पोटाला ओळखीचं. पोळ्या आदल्या रात्री तुम्हीच करा, जाड झाल्या तरी चालतात. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, ते अर्ध्या लिटरच्या बिडॉनमध्ये पूर्ण टाकू नका. नुसतं साधं पाणी तासन् तास ढोसणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं. रात्री कंट्रोलवर मिसळ आणि भजी समोर येतात. पोटाची पक्की खात्री नसेल तर दहीभात किंवा इडली.

रात्रीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण घरच्यांची खरी भीती तिथे आहे आणि ती अनाठायी नाही. ब्रेव्हेचा हंगाम आणि उसाचा गाळप हंगाम एकच. साताऱ्याच्या पुढे कराड, कोल्हापूरकडे नोव्हेंबर ते मार्च रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात, कित्येकांना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. काही बंद पडून कडेलाच उभ्या असतात, नेमक्या जिथून सायकल जाते तिथे. सर्व्हिस रोडवरून उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकली वेगळ्याच. म्हणून पुढचा दिवा असा हवा की उतारावर तीस-चाळीस मीटरवरची ट्रॉली दिसेल, आणि शिवाय एक सुटा दिवा बॅगेत. मागे दोन दिवे, एक सायकलवर आणि एक हेल्मेटवर किंवा बॅगेवर, म्हणजे एकाची बॅटरी गेली तरी अंधार होत नाही. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट संध्याकाळ व्हायच्या आधीच अंगात. खंबाटकीसारख्या घाटाच्या उतारावर रात्री वेग काढायचा नाही. पहाटे दोन ते पाच शरीर झोप मागतंच. डोळे जड झाले, रस्त्यावर नसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या की त्याच ठिकाणी सुरक्षित जागा बघून पंधरा-वीस मिनिटं झोपायचं, पेट्रोल पंप सगळ्यात बरा. ६०० मध्ये तर तीन-चार तासांची झोप आधीच योजनेत धरायची. वर सांगितलेली थांब्यांची बचत खर्च करायची ती इथे.

घरच्यांसाठी लाइव्ह लोकेशन चालू ठेवतात, पण त्याची दुसरी बाजू फारसं कुणी सांगत नाही. नकाशावरचा ठिपका थांबला की घरी झोप उडते. तुम्ही पंपावर गाढ झोपलेले असता आणि तिकडे पत्नी तासभर फोन लावत बसतात. त्यामुळे थांबणार असाल तर आधी एक ओळ पाठवा: "शिरवळला पंपावर झोपतोय, तीन वाजता निघेन." प्रत्येक कंट्रोलवरून एक मेसेज, ठरलेल्या शब्दांत, म्हणजे तो विसरत नाही. कुठल्या पट्ट्यात रेंज नसते ते आधी सांगा. त्यांच्याकडे आयोजकांचा आणि तुमच्या एका सहरायडरचा नंबर द्या. आणि एक सवलत त्यांना द्याच: रात्री कुठल्याही क्षणी त्यांनी "आता बस" म्हटलं आणि कारण घरातलं असलं, म्हणजे मूल आजारी, आईंना त्रास, तर तुम्ही प्रश्न न विचारता थांबणार. हे वचन दिलेलं असलं की ते वापरायची वेळ सहसा येत नाही. आईंना मात्र सगळे तपशील सांगू नका. "सकाळी फोन करतो" एवढं सांगा आणि सकाळी करा.

राइड संपल्यावर गाडी चालवत घरी यायचं नाही. ४०० आणि ६०० नंतर डोळा स्टिअरिंगवर लागतो, मागे झोपायचं आणि कुणाला तरी चालवू द्यायचं. पत्नीला मुलांसकट न्यायला बोलावू नका, त्यांनी आपणहून यायचं म्हटलं तर गोष्ट वेगळी. ६०० शनिवारी पहाटे पाचला सुटली तर मर्यादा रविवारी रात्री नऊला संपते. सोमवारची रजा महिनाभर आधी टाका. मग त्या सोमवारी दिवसभर झोपू नका: सकाळी झोप काढा, दुपारी मुलांना शाळेतून तुम्ही आणा, रात्रीचं जेवण तुम्ही बघा. पत्नी त्या दिवशी कामावरून येतील तेव्हा गेल्या तीन दिवसांत त्यांनी एकटीने काय काय केलं हे तुम्हाला ठाऊक असल्याचं त्यांना दिसलं पाहिजे.

पीबीपीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: २०२७ सोडा. ही राइड १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झाली, आज ती चार वर्षांतून एकदा ऑगस्टमध्ये होते, सुमारे १२०० किमी आणि कमाल ९० तास. २०२३ च्या मार्गात जवळजवळ बारा हजार मीटर चढाई होती. तिच्यासाठी त्याच हंगामातली पूर्ण एसआर लागते, आणि आदल्या वर्षी ज्याची जितकी लांब ब्रेव्हे झालेली असते त्याला नोंदणी तितकी आधी खुली होते. फक्त २०० केलेल्यांचा क्रम मागे लागतो. पण हा मुद्दा दुय्यम. फेब्रुवारीत ६०० झाली की घराला जो श्वास घ्यायला मिळायला हवा, तोच पीबीपी खाऊन टाकेल: मार्च-एप्रिलचं ऊन, मग पावसात लांब राइड, मग व्हिसा, विमान, सायकल पॅक करून नेणं, दहा-बारा दिवस परदेशात. मोठा खर्च आणि वर्षाची जवळजवळ सगळी रजा, दोन्ही एका माणसावर. धाकटी शाळेत रुळण्याच्या वर्षात हे मी कुणालाच सुचवणार नाही. २०३१ ला तुम्ही चाळिशीच्या पहिल्या अर्ध्यातच असाल, आणि तिथे पन्नाशी-साठीचे रायडर मोठ्या संख्येने असतात. लांब पल्ल्याला लागणारा दम वयाबरोबर हळूहळू उतरतो आणि अनुभवाने वाढतोही. दोन-तीन एसआर गाठीशी घेऊन, कुटुंबाला सोबत नेऊन केलेली पीबीपी तुम्हाला जास्त लाभेल असं मला मनापासून वाटतं.

राहिला ट्रेनर. पावसाळ्यात आणि मूल झोपलेलं असताना घरात सराव करायचा तर ट्रेनर हवाच, पण लगेच महागडा स्मार्ट ट्रेनर घेऊ नका. आधी कुणाचा तरी साधा मॅग्नेटिक ट्रेनर दोन महिन्यांसाठी आणा, सेकंडहँड मिळाला तरी चालेल. आवाजाची परीक्षा पहाटे सव्वापाचला घ्या, खालच्या मजल्यावरच्यांना विचारा, धाकटी उठते का बघा. तो भिंतीला लावून खाली जाड रबरी मॅट टाका, आणि समोर पंखा लावा, नाहीतर वीस मिनिटांत घामाने फरशी ओली होते. चालत्या चाकात लहान मुलाची बोटं जातात, म्हणून तो असा ठेवा की मधे दार बंद करता येईल, आणि वापर झाला की सायकल काढून ठेवा. दोन महिने आठवड्यातून दोनदा खरोखर वापरला गेला, तर पुढचा विचार पत्नीबरोबर बसून करा, कारण तो ठेवायला हॉलमधली जागाही द्यावी लागणार आहे.